मुन्ना आणि मौनाची वेळ

श्यामलालने दारू सोडली ती तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. तेव्हापासून नवरात्रापर्यंतचे दिवस रंजूने सुखात काढले. मग बोडीतला पहिला शिंगाडा हातात आला आणि तिचं सुख संपलं.

शिंगाडा म्हणजे पाणी. गावामागच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, सकाळी दव असतानाच उतरायचं. छातीइतक्या पाण्यात उभं राहून एकेक वेल उलटून बघायचा, काटे बोटांत मोडून घ्यायचे, तोडलेला शिंगाडा डोंग्यात, त्या लाकडी नावेत, टाकायचा आणि दिवस कलला की बाहेर निघायचं. निघालेल्या माणसाचे ओठ जांभळे असतात, तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते आणि दातावर दात ठरत नाहीत. अशा माणसाला कोणी म्हटलं, थोडी घे, थंडी उतरेल, तर त्याला ते औषधच वाटतं. मागचे सगळे हंगाम श्यामलालने हे औषध घेतलं होतं. आधी थंडीपुरतं, मग जेवणाआधी, मग जेवणाऐवजी.

यंदा त्याला गावातल्या प्रार्थना मंडळाने धरून ठेवलं होतं. रोज दिवेलागणीला हॉलमध्ये सतरंज्या पडायच्या. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, समोर पांढरी चादर घातलेलं रिकामं आसन. भजन, मग मौन, मग पुन्हा भजन, आणि माईकवरून सगळं छपरावरच्या कर्ण्यातून गावभर ऐकू जायचं. मंडळात बसणाऱ्याने दारूला शिवायचं नाही हा पहिला नियम, आणि मौनात हूं की चूं करायचं नाही हा दुसरा. अध्यक्ष इश्वरभाऊ म्हणजे धानाचे मोठे शेतकरी, पांढरे कपडे, भगवी टोपी, ताठ पाठ. पहिला नियम ते माणसाला बाजूला घेऊन समजावून सांगत. दुसरा मात्र त्यांचा जीव की प्राण होता. इश्वरभाऊंच्या मौनात पाल चुकचुकली तर तीही ओशाळते, असं गावातली पोरं म्हणत.

हॉलकडे जायची वाट बोडीच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, होती आणि पारीखाली पळसाच्या आडोशाला मोहाच्या दारूचा गुत्ता होता. म्हणून रंजू रोज नवऱ्यासोबत जायची. कडेवर मुन्नाला घेऊन ती गुत्त्याच्या बाजूने चालायची आणि श्यामलालला पाण्याच्या बाजूला ठेवायची. तिची उंची ती केवढी, पण तिला वाटायचं, आपण आड आहोत. सासू रेवताबाई घरी असती तर मुन्नाला तिच्याजवळ ठेवता आलं असतं. पण हंगामात रेवताबाई उकडलेले शिंगाडे घेऊन वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर बसायची. कारखान्याची पाळी सुटली की तिचा माल खपायचा, आणि ती घरी यायची तेव्हा स्वयंपाक होऊन गेलेला असायचा.

नवरात्रापर्यंत मुन्नाचा काही त्रास नव्हता. दिवसभर गावात उंडारून तो दिवेलागणीला आईच्या मांडीवर पेंगायचा आणि मौनात झोपून जायचा. इश्वरभाऊंनी एकदा त्याचं कौतुकही केलं होतं. पण शिंगाडा सुरू झाला आणि मुन्नाचा दिवस बदलला. आईबाप पाण्यात, तो काठावर मोहाच्या झाडाखाली. तिथे दुसरं करण्यासारखं काही नसल्यामुळे तो दुपारभर घोरायचा आणि दिवस मावळताना असा टवटवीत उठायचा की जणू आता कुठे उजाडलं आहे. तीन वर्षांचं पोर, पण हातपाय चार पोरांचे.

झाडाखाली तो बांधलेला असायचा. मासोळी आणि शिंगाड्यावर जगणाऱ्या ढिवरांच्या बायका पाण्यात उतरतात तेव्हा लेकराच्या कमरेला जुन्या लुगड्याची मऊ पट्टी बांधतात आणि तिचं दुसरं टोक झाडाला. सावलीत फिरता येईल एवढी लांब ठेवायची, पाण्यापर्यंत पोचेल एवढी नाही. रेवताबाईने श्यामलालला असंच वाढवलं आणि तिच्या सासूने श्यामलालच्या बापाला. काठावर एखाद्या बाईचं लेकरू मोकळं दिसलं तर बाकीच्या बाया तिलाच बोलतात, तुझा जीव आहे की नाही या लेकरात म्हणून.

तेव्हा रंजूने जे केलं ते तिच्या दृष्टीने अगदी सरळ होतं. हंगामातल्या पहिल्या दोन-तीन संध्याकाळी मुन्ना मौनात सतरंज्यांवरून धावला, कोणाच्या पाठीवर चढला, एकदा दारापर्यंत जाऊन कुत्र्याला आत घेऊन आला. मागे वळून बघणाऱ्या बायांच्या नजरा रंजूला बोचू लागल्या. मग एका संध्याकाळी तिने पदराखालून ती पट्टी आणली, मौन सुरू व्हायच्या आधी मुन्नाच्या कमरेला बांधली आणि टोक बाजूच्या खांबाला. दुधी रंगाची धुतलेली पट्टी, दोन सैल गाठी. आता पोर कुठे जाणार नाही, कोणाला त्रास होणार नाही, असं म्हणून तिने हात जोडले.

झाडाला बांधलेला मुन्ना काय करायचा ते तिला आठवायला हवं होतं. तो झाडाभोवती गोल फिरायचा. खांबाभोवतीही तो तसाच फिरला, आणि त्या खांबावरून माईकची वायर खाली आलेली होती. दोन फेऱ्यांत वायर पट्टीत अडकली, तिसऱ्या फेरीत इश्वरभाऊंपुढचा माईक घसरत, आपटत, खरडत थेट मुन्नापाशी आला. सगळ्या गावावर कर्ण्यातून धाडधाड आवाज झाला. मग क्षणभर काही नाही. मग मुन्नाचा आवाज, मोठा आणि स्वच्छ.

"मा, सू लागली."

गावात जो जिथे होता तिथे हसला. हॉलमध्ये मात्र कोणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. मंडळाचा सचिव केवळराम हार्मोनियमच्या पेटीमागून उठला, वायर सोडवायला खाली वाकला आणि गाठी बघून म्हणाला, "हे लेकरू होय का वासरू? खुट्याले बांधून आनलं."

रंजूच्या बोटांना ती गाठ सुटेना. दिवसभर पाण्यात राहिलेली बोटं, नखं मऊ पडलेली. सगळा हॉल बघतो आहे आणि आपण गाठीशी झटतो आहोत, हे तिला आयुष्यभर पुरलं असतं.

इश्वरभाऊ रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माईक बंद केला आणि शांतपणे म्हटलं, "रंजू, लेकरू थोडं मोठं होऊ दे. मंग येजो. श्यामलाल येईल एकटा. मौनात अडथळा बरा नाही."

घरी जाताना श्यामलालने मुन्नाला खांद्यावर घेतलं. पारीवरून मुन्ना बापाच्या भगव्या टोपीशी खेळत होता. रंजूने एकदा म्हणून पाहिलं, "केवळरामभाऊची जीभच तशी हाये." श्यामलालने मंडळाची ती टोपी काढून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी बोडीवर जाईपर्यंत तीन घरच्या बायांनी विचारलं, मुन्नाची सू झाली का म्हणून. रंजू हसली, कारण न हसून करते काय. श्यामलाल पाण्यात उतरला तो दिवसभर उतरलेलाच राहिला. भाकर खायलाही काठावर आला नाही. डोंग्यातून शिंगाडा ओतून घेताना रंजूने त्याची बोटं पाहिली. काटा मोडून अंगठा सुजला होता.

"सुई आनतो, काढून देतो," ती म्हणाली.

"राहू दे."

दिवस मावळला तशी तिने त्याची धुतलेली बंडी काढून दिली. त्याने घातली नाही.

"मी नाई जात."

"काहून?"

"ज्या जागी माह्या लेकराले वासरू म्हनते, त्या जागी मी हात जोडून बसू?"

"एकट्या केवळरामनं म्हटलं. सारे थोडीच म्हनतात."

"सारे आयकत होते ना."

रंजूला तो हॉलमध्ये हवा होता. ती म्हणाली, "बरं, मी येतो दारापर्यंत. मुन्नाले घेऊन भायेर बसतो. तुमी आत बसा." खूप मागे लागली तेव्हा तो उठला.

ती पायरीवर बसली. दव पडायला लागलं होतं आणि पायरीचा दगड गार होता. मुन्नाला तिने पदरात गुंडाळलं, पण गुंडाळून राहील तो मुन्ना कसला. मौन सुरू झालं तसा त्याला आत बाप आहे हे आठवलं. त्याने दारावर थापा मारल्या. रंजूने ओढून घेतलं तर रडला, आणि रडता रडता खोकला. गार हवेतला तो कोरडा खोकला आत सगळ्यांना ऐकू जात होता. थोड्या वेळाने दार उघडलं. मौन अजून चालू होतं आणि श्यामलाल बाहेर आला होता.

"चाल घरी," तो म्हणाला.

पुढच्या संध्याकाळी तिने त्याला एकट्याला पाठवलं. लेकरू पायरीवर खोकत बसण्यापेक्षा हे बरं, असं तिने त्याला सांगितलं, आणि स्वतःला दहा वेळा. तो पारीच्या वळणाला दिसेनासा झाला तशी ती अंगणातच उभी राहिली. कर्ण्यावर पहिलं भजन आलं, ते संपलं. मग मौन. गावभर तेवढा वेळ फक्त बैलांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. मग दुसरं भजन सुरू झालं, आणि ते सुरू असतानाच श्यामलाल अंगणात येऊन उभा राहिला.

रंजूने बंडी घेण्याच्या निमित्ताने तोंड त्याच्याजवळ नेलं. वास नव्हता.

"गेले होते ना?"

"पारीवर उभा होतो."

"कायले?"

"फक्त उभा होतो. खाली भजे तळून राहिले होते. थंडी होती, मनून उभा राहिलो."

तो खोटं बोलत नव्हता. आज उभा राहिला. उद्या खाली उतरेल, भजे खाईल. परवा भज्यासोबत. हे सगळं तिने आधी एकदा पाहिलेलं होतं, त्याच क्रमाने. तिने ताट वाढलं आणि तो जेवत असताना त्याच्या हाताकडे बघत बसली.

सकाळी तिला इश्वरभाऊंच्याच घरी जावं लागणार होतं. त्यांच्या बायकोने, गोदावरीबाईने, उपासाच्या पिठासाठी सुकवलेला शिंगाडा सांगून ठेवला होता. रंजूला वाटलं, सासूच्या हाती पाठवावा. पण रेवताबाई पहाटेच वरठीला गेली होती. म्हणून तोंड पाडून ती टोपलं घेऊन गेली.

अंगणात नवीन धानाची रास पडली होती. गोदावरीबाई गुडघे शेकत खाटेवर बसली होती, आणि सून ममता आपल्या गुंजनच्या मागे रासेभोवती धावत होती. दोन वर्षांची गुंजन मुठीमुठीने धान उचलून विहिरीकडे फेकत होती. ममताने एका हाताने तिला उचललं, दुसऱ्या हाताने सूप सावरलं, तर पोरीने सुपालाच लाथ मारली.

"ये वं रंजू," गोदावरीबाई म्हणाली. "तुह्या पोराचा आवाज साऱ्या गावानं आयकला म्हने."

रंजूला हसायचं होतं. रोज हसली तशी. पण ओठ हलले आणि डोळ्यांतून पाणी आलं. ती टोपल्याजवळ खाली बसली आणि सगळं सांगून बसली. पट्टी, वायर, वासरू, पायरी, खोकला, आणि कालचं ते पारीवरचं उभं राहणं. सांगताना शिंगाड्याच्या सालीने काळे झालेले हात ती पदराला पुसत होती, ते निघणारे डाग नव्हते.

"काकू, मले प्रार्थनेचं समजत नाई," शेवटी ती म्हणाली. "मौनाचं बी समजत नाई. मले तो मानूस पायजे. जसा पोळ्यापासून हाये तसा."

शेकायची पुरचुंडी गार झाली ती गोदावरीबाईने बाजूला ठेवली. मग सुनेला विचारलं, "ममता, तू कवापासून गेली नाईस वं प्रार्थनेले?"

"गुंजन झाली तवापासून."

"मी धनंजय झाला तवापासून." गोदावरीबाई रंजूकडे वळली. "लग्न होऊन आली तवा रोज जात होती. मले गानं येत होतं, समोर बसवत होते. मंग धनंजय झाला. मौनात रडला. घरी आल्यावर हे म्हनले, लेकरू थोडं मोठं होऊ दे, मंग येजो. मंग धनंजयची बहीन झाली. मंग सासू खाटेवर पडली. मंग हे गुडघे. आता लेकरू जवाहरनगरले फॅक्टरीत नोकरी करते, त्यालेच लेकरू झालं. मले अजून कोनी बोलवाले आलं नाई."

ती हे रागाने बोलत नव्हती. भाजी किती महाग झाली असं सांगावं तसं सांगत होती. ममता मात्र गुंजनला कडेवर घेऊन जागच्या जागी उभी राहिली होती.

"एक सांग," गोदावरीबाई म्हणाली. "लेकरू बायांकडंच काहून बसते?"

"बाप तिकडे बसतो मनून," रंजू म्हणाली.

"हं." गोदावरीबाईने खाटेचा कठडा धरून उठायचा प्रयत्न केला. "आज येजो. नवऱ्याले आन, पोराले आन. ते पट्टी नको आनू."

श्यामलालला न्यायला रंजूला थोडं वाढवून बोलावं लागलं. गोदावरीकाकूनं तुमालेच बोलवलं हाये, काही काम हाये मनते, असं ती म्हणाली. मोठ्या घरच्या म्हाताऱ्या बाईने बोलावलं म्हटल्यावर तो गेला, पण हॉलमध्ये शिरून शेवटच्या रांगेत, पळता येईल असा बसला. मुन्ना रंजूच्या मांडीवर होता. तिने दोन्ही हातांनी त्याला धरून ठेवलं होतं आणि तो मासोळीसारखा सुटायला बघत होता. बाजूच्या बाया सरकून बसल्या.

पहिलं भजन संपत आलं तेव्हा गोदावरीबाई काठी टेकत आली. मागे ममता, कडेवर गुंजन. बायांच्या रांगेत गडबड उडाली, कोणी जागा केली, कोणी पाया पडायला वाकली. पण गोदावरीबाई बायांकडे वळलीच नाही. ती सरळ पुढे गेली, ममताच्या कडेवरून गुंजन घेतली आणि इश्वरभाऊंच्या मांडीवर ठेवली.

इश्वरभाऊंनी आधी माईकवर हात ठेवला. "हे काय?" ते हळू आवाजात म्हणाले.

"नात हाये तुमची."

"ते दिसून राहिलं. इथं कायले?"

"हिचा बाप पाळीवर हाये. आजा रिकामा बसला हाये." गोदावरीबाईने दम घेतला. पुढचं ती जरा मोठ्याने बोलली, मागच्या रांगेपर्यंत जाईल असं. "आजपासून लेकरं बापाजवळ बसतील. बाप नसंल तर आज्याजवळ. एवढे वर्स बाया लेकरं सांभाळून राहिल्या आन तुमी मौन करून राहिले. आता बाया करतील."

केवळरामने पेटीचा भाता दाबून धरला होता, त्यातून हळूहळू हवा निघून गेली.

इश्वरभाऊंनी बायकोकडे बघितलं. ती इथे उभी आहे याचंच त्यांना आधी नवल वाटत असावं. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात गुंजनने त्यांची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली. ती तिच्या नाकापर्यंत आली. इश्वरभाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांना शांतता आवडायची आणि ती आयती मिळत आली होती, इतकंच. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, गुंजनला नीट मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "बसा."

गोदावरीबाई बायांकडे येताना वाटेत थांबली. "श्यामलाल, पुढं ये गा. तुह्या पोराले घे."

रंजूने हात सैल केले. मुन्ना उडी मारून मधली मोकळी जागा ओलांडून पलीकडे गेला. श्यामलालला आता मागे पळता येईना, पुढेही जाववेना. शेवटी तो उठला, पोराला घेतलं आणि दुसऱ्या रांगेत बसला.

मौन सुरू झालं. सगळ्यांनी डोळे मिटले. मुन्नाने इतकी डोळे मिटलेली मोठी माणसं इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. त्याने एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"बाबा, हे सारे झोपले?"

"नाई रे. बसले हायेत," श्यामलाल त्याच्या कानात म्हणाला.

"मंग डोळे काहून लावले?"

पुरुषांच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरा. केवळरामने शू केलं तर गुंजननेही त्याला तसंच शू केलं. त्यावर बायांकडे हसू पसरलं आणि इश्वरभाऊंचे बंद डोळे थरथरले. त्या दिवशी मौन लवकर संपलं. दुसरं भजन मात्र गोदावरीबाईने म्हटलं. आवाज फाटला होता, पण सूर जाग्यावर होता.

शेवटी इश्वरभाऊंनी सांगितलं, "लेकरं बापाजवळ बसतील." मग थांबून, जणू स्वतःलाच समजावत असल्यासारखं म्हणाले, "मौन आपलं हाये. लेकरायनं थोडीच घेतलं."

पुढचे काही दिवस गावात गंमत झाली. दोन-तीन बाप प्रार्थनेला फिरकलेच नाहीत. कोणाची मान धरली होती, कोणाला शेतावर राखण होती. केवळरामला असलं काही करता आलं नाही, कारण पेटी तोच वाजवायचा. त्याच्या बायकोने, उषाबाईने, दुसऱ्याच दिवशी दोन्ही पोरं त्याच्या दोन बाजूंना आणून बसवली आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन मान ताठ करून बसली. भजनात भलतेच स्वर लागायला लागले. बायांची संख्या वाढली, इतकी की सतरंजी पुरेना. हळूहळू बापही आले. मौन पूर्वीसारखं राहिलं नाही. त्यात कुजबूज असायची, शिंक असायची, कोणाचा तरी बाप कोणाला तरी दटावत असायचा. पोरांना गुंतवायला म्हणून इश्वरभाऊंनीच एक युक्ती काढली. जे लेकरू सगळ्यात आधी येईल त्याने शेवटच्या भजनात खंजिरी वाजवायची.

यानंतर मुन्नाला दिवेलागण झाली की धीर निघेनासा झाला. गुंजनचं घर हॉलला लागून, त्यामुळे ती रोज आधी पोचायची. मुन्ना पाण्यातून निघालेल्या बापाला अंग पुसू द्यायचा नाही.

हंगाम सरत आला होता. एका संध्याकाळी तोडलेला माल न्यायला यायची गाडी अजून आली नव्हती, आणि रास सोडून जाता येत नव्हतं. रंजू म्हणाली, "मी मागून येतो. तुमी जा."

म्हणून तर गेली, आणि श्यामलाल मुन्नाला खांद्यावर घेऊन पारीवर चढला तशी ती राशीजवळून उठून उभी राहिली. बोडीच्या या काठावरून पार दिसायची. मावळतीच्या उजेडात बाप आणि लेक एकाच उंच माणसासारखे दिसत होते. गुत्त्याच्या जागी कोणीतरी वर आलं. हात केला. श्यामलाल थांबला.

या काठापर्यंत शब्द येत नव्हते. रंजूच्या हातात ओला शिंगाडा होता, तो तिने तसाच मुठीत दाबला आणि काटा रुतला तरी तिला कळलं नाही. तो माणूस अजून हात करत होता. श्यामलाल तसाच उभा. आपण ओरडावं, धावावं, असं तिला वाटलं, पण मधे सगळी बोडी होती.

मुन्नाने दोन्ही मुठींनी बापाच्या डोक्यावर दणादण मारलं आणि टाचा त्याच्या छातीवर आपटल्या. त्याला गुत्त्याचं काही कळत नव्हतं. त्याला उशीर होत होता. श्यामलालने त्या माणसाला हाताने काहीतरी सांगितलं, पोराकडे बोट दाखवलं आणि चालायला लागला. पुढे जाऊन तो धावायलाच लागला, कारण खांद्यावरचं पोर वर-खाली उडताना दिसत होतं आणि त्याचं हसणं पाण्यावरून इथपर्यंत आलं.

रंजूचा जीव भांड्यात पडला. ती राशीजवळच बसली आणि रडली, मनसोक्त, कोणी बघत नव्हतं तर. गाडी आली, माल गेला. मग तिने बोडीत हातपाय धुतले आणि पारीवरून एकटीच निघाली. आज ती पारीच्या मधून चालली.

हॉलमध्ये मौन सुरू व्हायचं होतं. ती बायांच्या मागच्या रांगेत, गोदावरीबाईच्या शेजारी बसली. मांडीवर कोणी नव्हतं. पलीकडे मुन्ना बापाच्या पोटाला टेकून खंजिरीच्या चकत्या मोजत होता, म्हणजे तो आधी पोचला होता. श्यामलालची पाठ तिला दिसत होती. बघायचं म्हणून तिने ती बघितली, आणि मग बघायची गरज वाटली नाही. तिने डोळे मिटले. इतक्या महिन्यांत तिने मौनात एकदाही डोळे मिटले नव्हते, हे तिला मिटल्यावर कळलं. आधी पोर होतं, मग नवरा होता. आता आत नुसता अंधार होता, उबदार. तिची मान हळूच बाजूला कलली.

मौन संपलं, शेवटचं भजन झालं, खंजिरी वाजली, पोरांनी गोंधळ केला. बाया उठून चपला शोधायला लागल्या. रंजू गोदावरीबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, आणि चक्क घोरत होती. म्हातारी हलली नव्हती. गुडघे भरून आले होते तरी हलली नव्हती.

श्यामलाल मुन्नाला घेऊन आला आणि समोर उभा राहिला.

"उठवू का रे?" गोदावरीबाईने हळूच विचारलं.

"राहू द्या, काकू," तो म्हणाला. "बहुत दिवसाची जागी हाये ते."